ओळख क्रमांक तपासताना प्रोग्रॅमने कुठवर जावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात मोरजीला तुमच्या मामांचे लहानसे गेस्ट हाऊस आहे आणि तिथल्या पाहुण्यांच्या नोंदणीसाठी तुम्ही पायथॉनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला आहे. देशी पाहुण्यांचा आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट, मोठ्या रोख बिलासाठी पॅन आणि कंपनीच्या नावाने बिल मागणाऱ्यांचा जीएसटी क्रमांक, असे पाच प्रकारचे क्रमांक त्यात भरले जातात. प्रत्येकासाठी तुम्ही इंटरनेटवरून एकेक रेजेक्स, म्हणजे मजकुरातल्या अक्षर-अंकांची ठेवण तपासणारा साचा, उचलून लावला. आता मामांची तक्रार अशी आहे की कार्ड हातात असताना प्रोग्रॅम क्रमांक चुकीचा म्हणतो आणि कंटाळून काहीतरी दाबले की तेच निमूटपणे घेतो. यावर तुम्ही पाचही क्रमांकांसाठी ‘अचूक रेजेक्स’ मागितले आहेत.

रेजेक्स मी सांगेन, पण त्याआधी प्रश्नाची थोडी फोड करावी लागेल. एखादा क्रमांक ‘बरोबर’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्याची ठेवण बरोबर आहे का, म्हणजे जिथे अक्षर हवे तिथे अक्षर आणि जिथे अंक हवा तिथे अंक आहे का, ही पहिली गोष्ट. त्याच्यातले अंक एकमेकांशी जुळतात का, म्हणजे तपासअंक (बाकीच्या अंकांवरून गणिताने काढून जोडलेला अंक) असेल तर त्याचे गणित सुटते का, ही दुसरी. आणि असा क्रमांक खरोखरच कोणाला दिलेला आहे का व समोर उभा असलेला माणूस तोच आहे का, ही तिसरी. रेजेक्स फक्त पहिल्या गोष्टीचे उत्तर देतो. दुसरीसाठी दहा-पंधरा ओळींचे फंक्शन लागते. तिसरीचे उत्तर क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे असते किंवा कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहणाऱ्या काउंटरवरच्या माणसाकडे असते. तुमच्या प्रोग्रॅमकडे ते कधीच नसते. मामांची निम्मी तक्रार पहिल्या तपासणीकडून तिसरीची अपेक्षा केल्यामुळे आहे आणि उरलेली निम्मी साचे गरजेपेक्षा घट्ट असल्यामुळे.

साचा किती घट्ट ठेवावा, हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करूनच पुढे जातो. क्रमांक कार्ड पाहून तुमचा कर्मचारी भरतो की पाहुणा स्वतः आपल्या फोनवर भरतो, यावर चुकांचा प्रकार बदलतो. क्रमांक पुढे कुठे जाणार, यावरही बरेच ठरते: परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायची असते, तिथली चूक महागात पडते, गाडी कुठे लावली आहे हे कळावे म्हणून वहीत लिहून घेतलेल्या गाडीच्या क्रमांकात एखादा अंक चुकला तर फारसे बिघडत नाही. मी म्हापशाला बसून वीसेक वर्षे हॉटेले, पतसंस्था आणि औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहितो आहे. पुढे जे सांगतो ते त्या अनुभवातले आहे. मोठ्या बँकेत काम करणारा माणूस यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगेल आणि तेही बरोबर असेल.

सुरुवात साच्यापासून नव्हे, सफाईपासून करा. माणसे क्रमांक जसा कार्डावर दिसतो तसा टाइप करतात. आधार कार्डावर चार-चार अंकांचे गट पाडलेले असतात, म्हणून मध्ये स्पेस येते. लायसन्सवर कधी हायफन असतो, कधी नसतो. रशियन पासपोर्टचा क्रमांक दोन आणि सात अशा गटांत लिहिण्याची त्यांची सवय आहे. तुमचा उचललेला रेजेक्स या सगळ्यांना नाकारतो, कारण तो सलग क्रमांक गृहीत धरून लिहिलेला आहे. आधी सर्व प्रकारच्या स्पेस, हायफन, तिरप्या रेघा आणि टिंबे काढून टाका, सर्व अक्षरे कॅपिटल करा आणि मगच साचा लावा. ‘सर्व प्रकारच्या’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस येते, अजिबात न दिसणारी शून्य रुंदीची स्पेस येते, आणि हायफनऐवजी त्याच्याहून किंचित लांब रेघ येते. डोळ्यांना सगळे सारखेच दिसते. प्रोग्रॅमला मात्र ते वेगळे असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते आणि ती तुम्ही उचललेल्या इंग्रजी उदाहरणांत सहसा सापडत नाही. फोनचा कीबोर्ड मराठी किंवा कोंकणीत असेल तर अंक देवनागरीत उमटू शकतात. मी इथे ‘४०३’ लिहितो आहे ते तसेच. पायथॉनमध्ये अंकासाठी वापरले जाणारे बॅकस्लॅश-डी हे चिन्ह देवनागरी अंकांनाही अंकच मानते, ‘इज-डिजिट’ हे फंक्शनही मानते, आणि ‘इंट’ तर त्यांचे निमूटपणे संख्येत रूपांतर करते. म्हणजे तुमचा साचा देवनागरी आधार क्रमांक पास करतो, तो तसाच डेटाबेसमध्ये जातो आणि नंतर रोमन अंकांनी, म्हणजे 0 ते 9 या इंग्रजी आकड्यांनी, शोधल्यावर सापडत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह केवळ शून्य ते नऊ या रोमन अंकांनाच जुळते, म्हणून ब्राउझरमध्ये नाकारलेला क्रमांक सर्व्हरवर मात्र चालतो, असा विचित्र प्रकार घडतो. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. सफाईच्या पायरीत देवनागरी अंकांचे रोमन अंकांत रूपांतर करा, कारण मराठीत अंक टाइप करणे ही पाहुण्याची चूक नव्हे. आणि साच्यात बॅकस्लॅश-डी ऐवजी शून्य ते नऊ असा कंस स्पष्ट लिहा. एकाच चिन्हाची निरनिराळी रूपे एकसारखी करणारे युनिकोडचे जे प्रमाणीकरण पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये मिळते त्याने हे काम आपोआप होईल असे समजू नका; ते जपानी कीबोर्डवरचे रुंद अंक सरळ करते, देवनागरी अंकांना हात लावत नाही.

अक्षरांच्या बाबतीत मोरजीतच भेटणारा एक प्रकार आहे. रशियन लिपीतली काही कॅपिटल अक्षरे रोमन अक्षरांसारखीच दिसतात: ए, एम, के, सी, टी, आणि त्यांचा ‘र’ तर हुबेहूब रोमन पी. बेलारूसच्या पासपोर्टात सुरुवातीला दोन अक्षरे आणि पुढे सात अंक असतात. तिथला पाहुणा आपल्या फोनवर ती दोन अक्षरे स्वतःच्या लिपीत टाइप करतो आणि पडद्यावर काहीच चुकलेले दिसत नाही. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलसाठी केलेल्या माझ्या कामात हे घडले. पाहुण्याची नोंद समोर दिसते आहे, पण क्रमांक टाकून शोधले की ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. रिसेप्शनवरच्या मुलीने तोच क्रमांक पुन्हा भरला आणि एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या. कारण शोधायला मला एक संपूर्ण दुपार लागली. तेव्हापासून सफाईनंतर उरलेल्या मजकुरात रोमन कॅपिटल अक्षरे आणि रोमन अंक यांखेरीज काही असेल, तर मी तिथेच थांबवतो आणि ‘कृपया कीबोर्ड इंग्रजी करून क्रमांक पुन्हा भरा’ असा निरोप दाखवतो.

साचा लिहिताना होणाऱ्या दोन चुका तुमच्या रेजेक्समध्येही आहेत, त्या इथेच सांगतो. तुम्ही अक्षरांसाठी ‘कॅपिटल ए ते स्मॉल झेड’ अशी एकच रेंज लिहिली आहे. संगणकाच्या क्रमवारीत कॅपिटल झेड आणि स्मॉल ए यांच्या मध्ये सहा चिन्हे बसलेली आहेत, अंडरस्कोअर त्यांपैकी एक. ती सगळी तुमच्या साच्यातून पार होतात. दुसरी चूक डॉलर चिन्हाची. पायथॉनमध्ये ते मजकुराच्या शेवटाला जुळते, तसेच शेवटी नवी ओळ असेल तर तिच्या आधीही जुळते, त्यामुळे क्रमांकाच्या शेपटीला चिकटलेली नवी ओळ डेटाबेसपर्यंत पोहोचते. ‘मॅच’ ऐवजी संपूर्ण मजकूर जुळवून पाहणारे ‘फुलमॅच’ वापरा, म्हणजे डॉलरची गरजच उरत नाही.

आता क्रमांक कशात साठवायचा? मजकूर म्हणून. ज्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो संख्या नव्हे, हे एकदा मनाशी ठरवून टाका. बारा अंकी आधार ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही, कारण त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकीच आहे. शून्याने सुरू होणारा क्रमांक संख्या म्हणून ठेवला की सुरुवातीची शून्ये गळून पडतात. आणि महिन्याच्या शेवटी मामा यादी एक्सेलमध्ये मागतील तेव्हा त्या रकान्याला आधीच ‘टेक्स्ट’ असे स्वरूप द्या. नाहीतर एक्सेल बारा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवतो, आणि सोळा अंकी क्रमांक असेल तर त्याचा शेवटचा अंक शून्य करून टाकतो, कारण तो पंधराच सार्थ अंक सांभाळतो. तो गेलेला अंक परत मिळत नाही.

आता एकेक क्रमांक पाहू. पॅन सगळ्यांत सोपा. पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, असे दहा. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी संस्थेसाठी एफ, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच, विश्वस्त संस्थेसाठी टी, सरकारसाठी जी, याशिवाय ए, बी, एल आणि जे ही आणखी चार. म्हणजे त्या जागी दहाच अक्षरे येऊ शकतात आणि तुमच्या साच्यातून पास झालेला ‘पाच वेळा एक्स, मग १२३४, मग एक्स’ हा क्रमांक एवढ्यानेच पकडला जाईल. पाचवे अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे पहिले अक्षर असते. इथे मोह होईल की आडनावाशी ते ताडून पाहावे. तसे करू नका, निदान त्यावर अडवू नका. लग्नानंतर आडनाव बदलते आणि पॅन तोच राहतो. शिवाय आपल्याकडे एकच माणूस कागदोपत्री कधी ‘नाईक’ तर कधी घराण्याच्या जुन्या आडनावाने असतो. दहावे अक्षर तपासणीचे आहे, पण त्याचे गणित जाहीर केलेले नाही. ते सुटेल असा दावा करणारा एखादा कोड कुठे दिसला तर त्याच्या नादी लागू नका.

पॅनच्या ठेवणीचा एक फायदा मात्र जरूर घ्या. कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक, हे ठरलेले असल्यामुळे अंकांच्या जागी ‘ओ’ आला तर तो शून्यच असणार, आणि अक्षरांच्या जागी १ आला तर तो बहुधा ‘आय’ असणार. प्रोग्रॅमने तशी सूचना करावी: ‘आठव्या जागी ओ आहे, शून्य म्हणायचे आहे का?’ परस्पर बदल मात्र करू नये. गुपचूप दुरुस्त करणारा प्रोग्रॅम दहादा उपकार करतो आणि अकराव्यांदा जी चूक करतो ती कोणाच्याच नजरेस पडत नाही.

जीएसटी क्रमांकाचे पंधरा भाग पाडून पाहिले की त्यात पॅन लपलेला दिसतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची, तेरावे चिन्ह त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगणारे, चौदावे बहुतेक वेळा झेड आणि पंधरावे तपासचिन्ह. गोव्याचा अंक ३०. तुमच्या साच्यात सुरुवातीला ‘३०’ पक्के करून ठेवले आहे आणि म्हणूनच पुण्याच्या कंपनीचा क्रमांक नाकारला गेला. महाराष्ट्राचा अंक २७ आहे, कर्नाटकाचा २९. मामांचा स्वतःचा क्रमांक ३० ने सुरू होईल, पाहुण्याचा का व्हावा? राज्यांच्या अंकांची यादीही कोडमध्ये कायमची कोरून ठेवू नका. लडाखला ३८ हा अंक नंतर मिळाला. एके काळी गोव्याबरोबर एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दमण आणि दीवचा २५ हा अंक २०२० साली ते दादरा-नगर हवेलीत विलीन झाल्यावर मागे पडला. अशी यादी स्वतंत्र तक्त्यात ठेवावी, म्हणजे बदलताना प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. चौदाव्या जागी झेड नसेल तर इशारा पुरे. उगमापाशी कर कापणाऱ्या सरकारी कार्यालयांच्या नोंदणीत तिथे डी येतो, आणि ती नोंदणी पॅनऐवजी टॅनवर (कर कापणाऱ्यांना मिळणाऱ्या वेगळ्या क्रमांकावर) असेल तर मधली ठेवणही चार अक्षरे, पाच अंक, एक अक्षर अशी होते.

या क्रमांकाचे तपासचिन्ह जरूर तपासा. त्याचे गणित ठाऊक आहे आणि सोपे आहे. शून्य ते नऊ अंकांना त्यांचीच किंमत, ए ला १०, बी ला ११, असे करत झेड ला ३५. डावीकडून पहिल्या चिन्हाला १ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, असे चौदाव्यापर्यंत. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्या. या सगळ्या बेरजांची एकूण बेरीज करा, तिला ३६ ने भागल्यावर जी बाकी राहील ती ३६ मधून वजा करा (बाकी शून्य असेल तर उत्तरही शून्य), आणि जी किंमत येईल तिचे चिन्ह म्हणजे पंधरावे. एका चिन्हाची कोणतीही चूक यातून सुटत नाही. शेजारच्या दोन चिन्हांची अदलाबदलही पकडली जाते. शून्य आणि झेड यांची आपसात झाली तरच ती निसटते.

आधारच्या बाबतीत तपासअंक हा सर्वांत भरवशाचा भाग आहे आणि तोच तुम्ही वगळला आहे. बारा अंक, पहिला अंक शून्य किंवा एक कधीच नसतो, आणि शेवटचा अंक व्हरहोफ पद्धतीचा. याकोबस व्हरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये ही पद्धत मांडली. क्रेडिट कार्डावर वापरली जाणारी लूनची पद्धत ०९ चे ९० झाले तर गप्प बसते. व्हरहोफची पद्धत एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या दोन अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. त्यासाठी साधा गुणाकार पुरत नाही, दहा-बाय-दहाचा एक तक्ता आणि अंकांची जागा फिरवणारा दुसरा तक्ता लागतो. ते हाताने टाइप करताना एक आकडा चुकला तर सगळे फंक्शन चुकते, म्हणून लिहून झाल्यावर निदान एवढे पाहा: २३६ या संख्येचा तपासअंक ३ यायला हवा. अर्थात हेही लक्षात असू द्या की हाताला येतील ते बारा अंक दाबले तरी दहातून एकदा हे गणित सुटणारच. तपासअंक हाताची चूक पकडण्यासाठी असतो. खोटे पकडण्याचे ते साधन नव्हे.

पण तुमच्या गेस्ट हाऊसच्या संदर्भात याहून मोठा प्रश्न असा आहे की पूर्ण आधार क्रमांक तुम्हाला हवाच कशाला? बरेच पाहुणे आता झाकलेला आधार दाखवतात. त्यात पहिल्या आठ अंकांच्या जागी एक्स असतात आणि शेवटचे चारच अंक दिसतात. तुमचा साचा त्याला चुकीचा म्हणतो आणि मग कर्मचारी पाहुण्याकडे ‘पूर्ण नंबर द्या’ म्हणून मागतो. नियमांच्या बारकाव्यात मी शिरत नाही, पण प्रोग्रॅमच्या साच्यामुळे पाहुण्याला आपली जास्त माहिती द्यावी लागणे हे उलटेच झाले. मी माझ्या अलीकडच्या कामांत फील्डच बदलून टाकले: ओळखपत्राचा प्रकार ‘आधार’ आणि शेवटचे चार अंक, एवढेच. साठवलेच नाही तर चोरीला जाण्याची भीती नाही आणि तपासण्याची कटकटही नाही. पूर्ण क्रमांक घेण्याला ठोस कारण असेल तिथेच व्हरहोफचे फंक्शन उपयोगाला येते.

पासपोर्ट हा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आणि साच्याला सर्वांत न जुमानणारा प्रकार. भारतीय पासपोर्टाचा साचा एक अक्षर आणि सात अंक असा आहे. तो तुम्ही सगळ्यांनाच लावला आहे. मामांकडे येणाऱ्यांत इंग्लंडचे लोक आहेत, त्यांचे नऊ अंक, रशियनांचेही नऊ, अमेरिकेचे वर्षानुवर्षे नऊ अंक होते, पण २०२१ पासूनच्या नव्या पासपोर्टांत एक अक्षर आणि आठ अंक आले. जर्मन क्रमांकात अक्षरे आणि अंक कसेही मिसळलेले असतात. आणि आपल्याच गावातला, मराठी-कोंकणी बोलणारा, नाताळात घरी आलेला माणूस पोर्तुगीज पासपोर्ट पुढे करतो, तेव्हा आडनावावरून देश ठरवणारा प्रोग्रॅम तोंडघशी पडतो. प्रत्येक देशाचा साचा गोळा करत बसणे हा न संपणारा उद्योग आहे. पासपोर्टसाठी सर्वांना एकच ढिला नियम लावा: सफाईनंतर रोमन कॅपिटल अक्षरे आणि अंक, लांबी सहा ते बारा. फक्त देश ‘भारत’ निवडला असेल तर एक अक्षर-सात अंक तपासा, आणि तेही इशारा म्हणून.

ढिला नियम लावूनही चूक पकडता येते, कारण पासपोर्टावर त्याची सोय आधीच केलेली आहे. फोटोच्या पानावर खाली ज्या दोन लांब ओळी असतात, त्यांतल्या दुसऱ्या ओळीची पहिली नऊ घरे क्रमांकाची आणि दहावे घर त्याच्या तपासअंकाचे असते. क्रमांक नऊपेक्षा लहान असेल तर उरलेल्या घरांत कोनाचे चिन्ह (<) भरतात आणि त्याची किंमत शून्य धरतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सर्व देशांसाठी हे एकच गणित ठरवले आहे: अक्षरांच्या किमती वर जीएसटीसाठी सांगितल्या त्याच, आणि गुणक ७, ३, १ असे फिरत. त्या संघटनेच्या नमुन्यातला क्रमांक घेऊ: एल, ८, ९, ८, ९, ०, २, सी, ३. एल म्हणजे २१, त्याला ७ ने गुणून १४७, मग ८ ला ३ ने, २४, ९ ला १ ने, ९, पुन्हा ८ ला ७ ने, ५६, ९ ला ३ ने, २७, शून्य, २ ला ७ ने, १४, सी म्हणजे १२ ला ३ ने, ३६, ३ ला १ ने, ३. बेरीज ३१६, दहाने भागून बाकी ६, आणि नमुन्यात दहावा अंक ६ च आहे. कर्मचाऱ्याला क्रमांकाबरोबर तो एक जादा अंक भरायला सांगा, एवढ्याने देश कोणताही असो, टाइप करण्यातल्या बहुतेक चुका जागीच सापडतात.

‘बहुतेक’ म्हणण्याचे कारण या पद्धतीला दोन भोके आहेत. शेजारच्या ज्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, उदाहरणार्थ २ आणि ७, त्यांची अदलाबदल तिला कळत नाही. आणि ओ-शून्य, आय-एक, एस-पाच हे नेहमीचे घोटाळे ती पकडत असली, तरी जी आणि ६ यांचा घोटाळा ती पकडू शकत नाही, कारण जी ची किंमत १६ आणि दहाने भागल्यावर १६ व ६ सारखेच. पुसट झेरॉक्सवरून क्रमांक भरताना नेमका हाच घोटाळा होतो, आणि जर्मन क्रमांकात जी सर्रास येतो. म्हणून क्रमांक मूळ पासपोर्टावरून भरावा, झेरॉक्सवरून नव्हे, हे काउंटरवर सांगून ठेवा.

लायसन्सबद्दल थोडक्यात. नवी ठेवण राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचे दोन अंक, वर्षाचे चार आणि पुढे सात अंक अशी आहे, पण जुनी लायसन्से या ठेवणीत बसत नाहीत आणि ती अजून लोकांच्या पाकिटात आहेत. गाडीच्या क्रमांकाचेही तेच. ‘जीए ०३’ म्हणजे म्हापसा, हे आपल्याला पाठ असल्यामुळे दोन अक्षरांनी सुरुवात व्हायलाच हवी असे वाटते, पण २०२१ पासून सुरू झालेल्या भारत मालिकेत क्रमांक वर्षाच्या दोन अंकांनी सुरू होतो आणि मग ‘बीएच’ येते. या दोन्हींसाठी लांबी आणि चिन्हे एवढेच पाहा.

साचा घट्ट ठेवला तर निदान नोंदी तरी स्वच्छ राहतील, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीत मी मतदार ओळखपत्रासाठी तीन अक्षरे आणि सात अंक असा पक्का साचा घातला होता. जुन्या कार्डांवर तिरप्या रेघा असलेले लांबलचक क्रमांक असतात, याची मला कल्पनाच नव्हती. ज्येष्ठ सभासद रांगेत, कार्ड हातात, आणि प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. तेव्हा तिथल्या कारकुनाने त्याच्या परीने मार्ग काढला. तीन अक्षरे आणि सात अंक असलेला एक बनावट क्रमांक त्याने पाठ केला आणि जिथे अडेल तिथे तोच भरत गेला. वर्षअखेरीस तपासणीत एकच क्रमांक कितीतरी सभासदांच्या नावावर निघाला. दोष त्याच्या माथी आला, पण तो माझा होता. ढिल्या साच्यातून एखादा चुकलेला क्रमांक आत आला असता तर तो निदान मूळ क्रमांकाच्या जवळपासचा असता आणि कार्ड पाहून सुधारता आला असता. घट्ट साच्याने मात्र खऱ्या माहितीच्या जागी खोटी माहिती आणून बसवली.

म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये आता दोन निकाल असतात: ‘अडवा’ आणि ‘विचारा’. रिकामे फील्ड, परकी लिपी आणि जाहीर झालेल्या तपासगणितात नापास झालेला जीएसटी किंवा पूर्ण आधार क्रमांक, एवढ्यांवरच अडवायचे. बाकी सर्व ठिकाणी पिवळ्या पट्टीत कारण दाखवायचे आणि ‘कार्ड पुन्हा पाहिले, क्रमांक असाच आहे’ असे बटण द्यायचे. ते बटण कोणी, केव्हा दाबले, याची नोंद राहते. पासपोर्टचा तपासअंक जुळला नाही तरी मी अडवत नाही, विचारतो. रात्री दोन वाजता दाबोळी विमानतळावरून टॅक्सीने आलेल्या कुटुंबाला त्या कारणासाठी खोली न देणे कोणत्याच मामांना परवडणार नाही. निरोपही नेमका असावा. ‘अवैध क्रमांक’ हे वाचून कोणालाच काही कळत नाही. ‘पॅनमध्ये दहा चिन्हे असतात, तुम्ही नऊ भरली आहेत’ हे वाचले की माणूस स्वतःच दुरुस्त करतो. आणि ब्राउझरमध्ये तपासले असले तरी सर्व्हरवर पुन्हा तपासा. ब्राउझरमधली तपासणी फक्त पाहुण्याच्या सोयीची असते.

चाचणीसाठी घरच्यांचे किंवा पाहुण्यांचे खरे क्रमांक वापरू नका, ते कोडबरोबर कुठे जाऊन बसतील याचा नेम नसतो. आधारचे फंक्शन तपासायला शून्याने सुरू होणारे बारा अंकी क्रमांक बनवून घ्या. असा आधार अस्तित्वातच नसतो. त्यासाठी पहिल्या अंकाचा नियम आणि व्हरहोफचे गणित ही दोन वेगळी फंक्शने असायला हवीत, ती तशीही असावीतच.

शेवटी, साचे कुठे आवळले गेले आहेत हे कळण्यासाठी प्रोग्रॅमने ज्या क्रमांकांवर शंका घेतली त्यांची फक्त ठेवण नोंदवून ठेवा, क्रमांक नव्हे: प्रत्येक अक्षराच्या जागी ए आणि प्रत्येक अंकाच्या जागी ९ लिहायचे. त्यातून कोणाची ओळख उघडी पडत नाही. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम सुरू होईल, तेव्हा नाताळापर्यंत ही यादी साठू द्या. एकच ठेवण वारंवार दिसू लागली तर मामांना सांगून तसे एखादे कार्ड प्रत्यक्ष पाहा आणि मगच साच्याला हात लावा. यादी तयार झाली की मलाही दाखवा, ठेवणीवरून देश किंवा कार्डाचा प्रकार बहुधा ओळखता येईल.